पिशवी काढली, आता काय दुखतंय?

इतिहास म्हटला की आपल्याला गड आणि लढाया आठवतात. आज मी पिशवीच्या ऑपरेशनचा इतिहास सांगणार आहे. कारण ऑपरेशनला दोन-चार वर्षं झाली तरी ज्यांचं ओटीपोट ठणकतं, शौचाला बसलं की कळ येते, त्यांना सगळे एकच विचारतात, "पिशवी काढली ना, आता काय दुखतंय?" सासू विचारते, नवरा विचारतो, कधी कधी डॉक्टरसुद्धा.

सन १८१३. जर्मनीतल्या लांगेनबेक नावाच्या सर्जनने एका बाईची पिशवी खालच्या मार्गाने काढली. तेव्हा भूल नव्हती. बाई वाचली, पण असं ऑपरेशन झालं यावर त्याच्या बरोबरीच्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. २६ वर्षांनी ती वारली, तिचं शवविच्छेदन झालं, आत पिशवी नाही हे दिसलं, तेव्हा कुठे पटलं. सर्जरीच्या इतिहासात ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. त्या २६ वर्षांत तिचं पोट कसं होतं, दुखत होतं का, हे मात्र त्या गोष्टीत येत नाही.

पुढे १८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी पोट उघडून पिशवी काढली. ती बाई काही दिवसांतच गेली. १८५३ मध्ये अमेरिकेत बर्नहॅम यांची रुग्ण वाचली. या काळात भूल आली होती, पुढे जंतू मारायची औषधं आली, रक्त चढवता येऊ लागलं. १९८८ मध्ये दुर्बिणीतूनही हे ऑपरेशन झालं. पण यश मोजायची रीत तीच राहिली: बाई वाचली, टाके सुकले, घरी गेली.

नंतरचं दुखणं सर्जनांना अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही. १८७२ मध्येच लंडनच्या ब्रायंट यांनी एक केस नोंदवली होती. अंडाशयाची गाठ काढलेल्या एका बाईची आतडी पुढे आतल्या आत चिकटून अडली आणि ती दगावली. पोटात हात घातला की भरून येताना आत असे धागे, पापुद्रे तयार होतात. पिशवीच्या जागी खाली उतरलेली आतडी कधी त्यात ओढली जातात. सर्जनच्या हातमोज्यांतल्या पावडरीमुळेही चिकटा वाढतो. ती पावडर अमेरिकेने बंद केली कधी, तर २०१७ मध्ये!

आता आपल्याकडे या. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये ते छापून आलं. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. म्हणजे तपासणी नाही, औषध नाही. त्रास अंगावर काढायचा, आणि अगदीच असह्य झालं की एकदम ऑपरेशन.

बीडमध्ये याचं टोक दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते, खाडा पडला तर पैसे कापतात. अशात पाळीचे चार दिवस आणि अंगावरून जाणं कसं परवडणार? २०१९ मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही गरज नसलेल्या अशा ऑपरेशनांवर देखरेख ठेवायला राज्यांना सांगितलं. हे सगळं हवंच होतं. पण ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय, त्यांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ पासून पिशवी काढली का, कधी, कुठे, कशासाठी, हे विचारतात. नंतर दुखतं का, हे विचारत नाहीत.

मला यातली सगळ्यात दुखरी गोष्ट वाटते ती ही, की काहींचं दुखणं मुळात आतड्याचंच असतं. जुना बद्धकोष्ठ, पोटात मुरडा, वात. दोष गेला पिशवीवर, पिशवी गेली आणि दुखणं राहिलं.

म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली तरी "मनाचे खेळ" हे उत्तर ऐकून घेऊ नका. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेने १९७९ मध्येच मान्य केलंय, की जखम दाखवता आली नाही तरी वेदना ही वेदनाच. आणि "चिकटा सोडवायला पुन्हा ऑपरेशन करू" असं कुणी म्हटलं, तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. हॉलंडमध्ये जुनी पोटदुखी असलेल्या १०० जणांवर एक चाचणी झाली, २००३ मध्ये छापून आली. निम्म्यांचा चिकटा सोडवला, निम्म्यांच्या पोटात नुसतं दुर्बिणीतून पाहिलं. वर्षाने दोन्हींकडे सारखाच फरक!

मग करायचं काय? आधी पोट साफ राहू द्या. पाणी, भाज्या, डॉक्टरांना विचारून इसबगोल, तेही भरपूर पाण्यासोबत. कमोड वापरत असाल तर पायांखाली पाट घ्या, कुंथू नका. शेकाने बरं वाटतं, पण पिशवी फार गरम नको (रबराची म्हणतेय मी!). वर्षानुवर्षं दुखलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मूठ आवळल्यासारखे राहतात. १९४८ मध्ये केगेल नावाच्या डॉक्टरांनी हे स्नायू आवळायचा व्यायाम सांगितला, तो लघवी गळते त्यांच्यासाठी. दुखणारीला बहुतेक वेळा उलटं शिकावं लागतं: लांब श्वास घेऊन ते सैल सोडायचे. जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट असेल तर विचारा, लाजू नका.

पोट फुगलं, सारख्या उलट्या होतायत, वारा आणि शौच दोन्ही बंद, असं झालं तर एरंडेल देत बसू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा. ताप, अंगावरून रक्त, नकळत लघवी गळणं, हेही तपासून घ्या.

आणि ऑपरेशनचा कागद शोधा. ट्रंकेत, गादीखाली, कुठे असेल तिथे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे त्यात लिहिलेलं असतं. काढली असतील तर हाडांचा, घाम फुटण्याचा, योनी कोरडी पडण्याचा उपाय वेगळा असतो. कागद नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन रेकॉर्ड मागा, तो तुमचा हक्क आहे. जाताना शेजारणीला सोबत न्या.