डॉल्फिनच्या पाठीवरची खाच

बुलढाण्याच्या माणसाने समुद्रातल्या डॉल्फिनवर लिहायचं म्हणजे जरा अतीच होतंय. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे एक लोणारचं सरोवर, नाहीतर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरी. पण मागे ग्रुपबरोबर तारकर्लीला गेलो होतो तेव्हा होडीतून शंभरेक फोटो काढले. त्यातले बहुतेक फोटो नुसत्या पाण्याचे आहेत (पाणी मात्र छान आलंय!). एका फोटोत मात्र पाठीवरचा पर स्वच्छ आला, आणि झूम केल्यावर त्याच्या मागच्या कडेला एक खाच दिसली. बसच्या तिकिटाचा कोपरा फाटावा तशी. ही खाच कशाला उपयोगी पडते हे शोधता शोधता दोन वीकएंड गेले.

आधी प्राण्याबद्दल. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो प्रामुख्याने कुबडवाला डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया, प्लंबिया म्हणजे शिशाच्या रंगाचा. द्युसुमिए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने मलबार किनाऱ्यावरून जे नेलं त्याच्या आधारे कुव्हिएने १८२९ साली ही जात नोंदवली. नंतर कितीतरी वर्षं ही स्वतंत्र जात की चिनी समुद्रातल्या जातीचाच भाग, यावर वाद चालू राहिला. २०१४ मध्ये ती वेगळी मानली गेली, आणि वेगळी मानल्यावर लक्षात आलं की ती धोक्यात आहे. आययूसीएनच्या यादीत ती आता 'संकटग्रस्त' आहे. म्हणजे टेबल वेगळं केल्याशिवाय त्यात रेकॉर्ड किती कमी आहेत ते कळलंच नाही.

आता मुख्य प्रश्न. समुद्रात डॉल्फिन मोजायचे कसे? सकाळी दहा दिसले, दुपारी दहा दिसले. वीस झाले की तेच दहा? डेटाबेसवाल्यांना हे दुखणं नवीन नाही, प्रायमरी कीच नसेल तर डुप्लिकेट ओळखणार कसे! आपल्याकडे गुरांच्या बाजारात शेतकरी आपला बैल शिंगावरून, कानाच्या कापावरून ओळखतो. पण डॉल्फिन दोन सेकंद वर येतो आणि जातो.

१९७० च्या दशकात यावर दोन ठिकाणी तोडगा निघाला. अर्जेंटिनाच्या सान होसे आखातात बर्न्ड आणि मेलनी व्युर्सिग ह्या जोडप्याने डॉल्फिनच्या परांचे फोटो काढले. भांडणात दातांनी, कधी जाळ्यादोरीने परांच्या कडेला खाचा पडतात आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. त्यावरून एकेक प्राणी ओळखता येतो हे त्यांनी १९७७ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं. तिकडे कॅनडात मायकेल बिग किलर व्हेलच्या मागे होता. तेव्हा हे व्हेल मत्स्यालयांसाठी पकडून विकले जात होते, आणि समुद्रात ते हजारोंनी असतील असा सगळ्यांचा समज होता. बिगच्या मोजणीत निघाले काही शेच! फोटोंमुळे एकेका कुटुंबाची वंशावळ उभी राहिली, आणि त्याच दशकात तिथली धरपकड थांबली. आकडा हातात नसता तर कोणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

गणित सोपं आहे. समजा पहिल्या फेरीत ४० वेगवेगळे पर ओळखले. दुसऱ्या फेरीत पुन्हा ४०, आणि त्यातले १० आधीचेच. म्हणजे दुसऱ्या फेरीतला चौथा हिस्सा ओळखीचा, म्हणून एकूण प्राणी साधारण १६०. (प्रत्यक्षात खाच नसलेले, पिल्लं, बाहेरगावचे पाहुणे असं बरंच काही धरावं लागतं. असो.)

हीच युक्ती आमच्या जिल्ह्यातही चालते हे मला नंतर सुचलं. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरहून निघालेला 'वॉकर' वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याच्या गळ्यात कॉलर होती, पण ज्यांच्या गळ्यात नसते ते वाघ कॅमेरा ट्रॅपमधल्या पट्ट्यांवरूनच ओळखतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे मात्र वेगळे असतात, म्हणून दोन्ही बाजूंना कॅमेरे लावावे लागतात. डॉल्फिनची खाच आरपार असल्याने कुठूनही दिसते. इथे डॉल्फिनवाल्यांची चैन आहे.

बाकी चैन कसली! होडी हलते, प्राणी हलतो. पर अगदी आडव्या बाजूने यायला हवा, तिरका आला की खाच लपते. रोल संपला की ३६ फोटोंनंतर हलत्या होडीत नवा भरायचा, हे त्या लोकांनी कसं केलं असेल देव जाणे. शिवाय आपला कुबडवाला लाजाळू, होडीपुढे नाचायला येत नाही. म्हणून अभ्यासक इंजिन मंद ठेवून, कळपाला समांतर जातात. सिंधुदुर्गात साधारण २०१४ पासून कोकण सेटेशियन रिसर्च टीमने अशाच फेऱ्या मारून परांचे फोटो जमवले. पर्यटकांच्या होड्या बरोबर उलटं करतात. डॉल्फिन दिसला की चार होड्या इंजिन तापवून थेट त्याच्यावर. प्राण्याला त्रास तो त्रास, वर फोटोही बुडती शेपटी.

आणि मच्छीमार? त्यांच्या जाळ्यात डॉल्फिन अडकला तर जाळं कापून सोडावं लागतं, आणि जाळं म्हणजे हजारो रुपये. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. पुरावा काय, तर सोडतानाचे फोटो नाहीतर व्हिडिओ. म्हणजे अभ्यासकांच्या कॅटलॉगबरोबरच किनाऱ्यावर मोबाईलमधल्या फोटोंचा एक वेगळा ढीग जमत असणार. त्यातल्या काहींत तरी पर आडवा आला असेल. हे दोन ढीग एकमेकांशी ताडून बघायला हवेत. फ्लोरिडाच्या एकर्ड कॉलेजचं 'डार्विन' नावाचं सॉफ्टवेअर परांच्या कडा जुळवतं, त्यामुळे सगळं हाताने करायचीही गरज नाही.