गुरुवारची सहल

आमच्या घरच्या अल्बममध्ये कार्ल्याच्या लेण्यासमोर काढलेला एक फोटो आहे. वडील, आई, धाकटी बहीण आणि मी. वडिलांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट आहे, आईच्या हातात डब्याची पिशवी आहे आणि आम्ही दोघे भावंडे शाळेच्या गणवेशात आहोत. फोटोमागे तारीख नाही, पण वार मी खात्रीने सांगू शकतो. गुरुवार. त्या दिवशी वडील मधल्या सुट्टीत शाळेत आले, 'घरी पाहुणे आलेत' असे बाईंना सांगून त्यांनी आम्हाला बाहेर काढले आणि आम्ही चिंचवड स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडली. सुट्टी वडिलांना होती, आम्हाला नव्हती.

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकाला मात्र सांगायला हवे, की या औद्योगिक पट्ट्याचा रविवार गुरुवारी येतो. गेली काही वर्षे मी निवृत्त कामगारांच्या घरी जाऊन त्यांचे जुने फोटो पाहतो आहे, त्यांच्या सहलींच्या आठवणी टिपून घेतो आहे. सुरुवात केली तेव्हा कोण कुठे फिरायला गेले एवढेच विचारत होतो. पुढे लक्षात आले, की 'कुठे' यापेक्षा 'कोणत्या वारी' हा प्रश्न मोठा आहे.

आठवड्याची सुट्टी आपल्याकडे कशी आली, ते आधी पाहू. त्यासाठी मुंबईच्या गिरण्यांकडे जावे लागते. 1884च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली पहिली मागणी दर रविवारी पूर्ण सुट्टीची होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या त्यानंतर येतात. 24 एप्रिल 1890 रोजी झालेल्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

रविवारच का, याचे एक उत्तर ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या रीतीत आहे. दुसरे उत्तर आपल्या मातीतले आहे. रविवार हा खंडोबाचा वार. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा घाटावरचा माणूस त्या दिवशी देव करणार, चार नातेवाइकांना भेटणार. म्हणजे त्या मागणीत नुसती विश्रांती नव्हती, सगळ्यांनी एकाच दिवशी मोकळे असण्याची अपेक्षाही होती. माझ्या मते हा भाग आपण पुढे विसरलो.

आता आपल्या पट्ट्याकडे परत येऊ. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या माळावर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. एवढ्या कारखान्यांनी आठवड्याचे सहा दिवस एकदम यंत्रे चालवायची आणि सातव्या दिवशी एकदम बंद ठेवायची, हे विजेच्या गणितात बसणारे नव्हते. म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे निरनिराळे वार वाटून देण्यात आले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. कायद्याची त्याला आडकाठी नव्हती. 1948च्या कारखाने अधिनियमातले 52वे कलम आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा धरत होते, पण त्याऐवजी आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांपैकी एक दिवस देण्याची मुभाही ठेवत होते. रविवारपासून मागे मोजा: शनिवार, शुक्रवार, गुरुवार. सवलतीच्या अगदी टोकाचा दिवस आम्हाला मिळाला.

कारखान्याचे गणित सुटले, घराचे अडले. शाळा, बँका, कचेऱ्या रविवारी बंद. गावाकडचे लग्न, मुंजी, बारशी रविवारी. पुण्यातले मामा-मावशी रविवारी घरी. आमचे वडील मात्र रविवारी सकाळी डबा घेऊन पहिल्या पाळीला निघालेले. पाळ्यांनी यात आणखी भर घातली. बुधवारची रातपाळी करून आलेला माणूस गुरुवारी सकाळी घरी पोचतो आणि दुपारी तीनपर्यंत झोपतो. म्हणजे तीन आठवड्यांतून एक गुरुवार अर्धाच.

या अडचणीतून इथल्या लोकांनी सहलीचे स्वतःचे प्रकार काढले. मला जमलेल्या फोटोंवरून आणि आठवणींवरून ते तीन दिसतात.

पहिला प्रकार खात्यातल्या मित्रांचा. टर्नर, फिटर, वेल्डर अशा सात-आठ जणांनी गुरुवारी निघायचे. 11 मार्च 1978 रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि ही सहल सोपी झाली. मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे, लोहगड, विसापूर आणि दुसऱ्या बाजूला कार्ले आणि एकवीरा. घोरावाडीला उतरले की घोरावडेश्वर. पावसाळ्यात लोणावळ्याचे भुशी धरण. हे धरण रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले होते; घाट चढणाऱ्या इंजिनांचे पाणी पुढे सुट्टीवरच्या कामगारांच्या अंगावर आले. या फोटोंत बायका नाहीत, मुले नाहीत. 'बायको-पोरांना का नेले नाही?' असे मी एका निवृत्त फिटरना विचारले. ते म्हणाले, "पोरं शाळेत. पोरं शाळेतून यायच्या वेळी ती घरात हवी. मग कोण येणार?"

कार्ल्याच्या चैत्यगृहात एक गोष्ट आहे, ती या मंडळींना कोणी दाखवली असती तर बरे झाले असते. तिथल्या ब्राह्मी लेखांत श्रेष्ठी आणि यवनांच्या नावांबरोबर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. दाराचे काम त्याचे. हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव दोन हजार वर्षे टिकलेले आपल्या घरापासून तासाभरावर आहे, हे मलाही पन्नाशीला येईपर्यंत ठाऊक नव्हते.

दुसरा प्रकार संध्याकाळच्या अर्ध्या सहलीचा. शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन निगडीची दुर्गा टेकडी, चिंचवडला मोरया गोसावींचे मंदिर आणि पवनेचा घाट, देहू, आळंदी. दिवस मावळायच्या आत परत, कारण शुक्रवारी पहिली पाळी. बाहेरगावचे लोक या शहराला 'फिरायला काही नाही' म्हणून नावे ठेवत. पण घरापासून चालत किंवा स्कूटरवर वीस मिनिटांत पोचता येईल अशा जागेची किंमत ज्याच्याजवळ दोनच तास आहेत त्यालाच कळते.

तिसरा प्रकार अख्ख्या कुटुंबाच्या सहलीचा. त्याला वर्षातले मोजके दिवस होते. 15 ऑगस्टला झेंडावंदन उरकले की मुले मोकळी, कारखाना बंद आणि बाहेर पाऊस. लोणावळ्याच्या लोकलला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. आणि दुसरा दिवस खंडेनवमीचा. अनेक कारखान्यांत त्या दिवशी किंवा दसऱ्याला घरच्यांना आत सोडत. आम्ही नवे कपडे घालून वडिलांचे लेथ मशीन पाहायला गेलो होतो. पुसून चकचकीत केलेले, झेंडूची माळ घातलेले. वडिलांनी त्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. आईने मशीनला हळद-कुंकू लावले आणि मग हळूच विचारले, "दिवसभर उभंच राहायचं का इथं?" आमच्या वर्षातली सगळ्यात मोठी सहल वडिलांच्या कामाच्या जागेवर गेली होती, हे मला तेव्हा विचित्र वाटले नाही. आज वाटते.

कामगाराने हिंडावे-फिरावे, हे सरकारला मान्य नव्हते असे नाही. 1953च्या कामगार कल्याण निधी कायद्यात निधी कशावर खर्च करावा याची यादी आहे. तीत वाचनालये, खेळ यांच्यासोबत सहली आणि विश्रामगृहेही आहेत. सहलीला पैसे आणि बस मिळण्याची सोय कायद्याने केली. बसमध्ये बापाशेजारी मूल बसेल असा दिवस देण्याची सोय कुठल्याच कलमात नव्हती. आणि आईच्या सुट्टीचा वार तर कोणत्याच कायद्यात नव्हता. सहल गुरुवारची असो की 15 ऑगस्टची, पुऱ्या तळायला ती चारलाच उठत होती.

हा सगळा भूतकाळ झाला असे म्हणता आले असते, तर हा लेख स्मरणरंजनात संपला असता. 2011च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजार होती, आणि कारखान्यांचा ओघ तोवर चाकणकडे वळला होता. चाकणला आजही रेल्वे नाही. महाळुंगे, कुरुळी, निघोजे इथे एका खोलीत चार-पाच जण राहणारी कंत्राटी मुले गुरुवारी मोटारसायकलवर भामचंद्र किंवा भंडाऱ्याच्या डोंगरावर जातात. काहींना सुट्टीचा दिवस बिनपगारी असतो, म्हणून ती जातच नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्यात नवरा चाकणला आणि बायको हिंजवडीत. त्याला गुरुवार, तिला शनिवार-रविवार. त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. गणवेशात फोटो काढण्याची पाळी आता तिची.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना रविवार आहे त्यांची एवढी गर्दी झाली आहे, की जागा पुरत नाहीत. 15 जून 2025 रोजी, रविवारी, इंदोरीजवळ कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरलेला असताना कोसळला. चार माणसे गेली, अनेक जखमी झाले. मोकळ्या हवेत दोन तास घालवायला आलेली माणसे होती ती. कारखान्यांच्या विजेचा भार आठवडाभर विभागण्याची काळजी आपण घेतली होती. माणसांच्या मोकळ्या वेळाचा भार कुठे पडतो, हे पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते.

लोखंडे यांचे मूळ गाव कन्हेरसर. ते चाकणच्या पलीकडे, खेड तालुक्यातच आहे. जवळच निमगावचा खंडोबा. गेल्या काही वर्षांत औद्योगिक वसाहतीसाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांत ही दोन्ही गावे आहेत. मागच्या वर्षी मी निमगावला गेलो तो दिवस रविवार होता. पायऱ्यांवर भंडारा उधळला जात होता. रांगेत माझ्यापुढे सासू, सून आणि दोन मुले होती. मी सहज विचारले, "मुलांचे वडील नाही आले?" सासूबाई म्हणाल्या, "त्याला आज कंपनी. तो गुरुवारी येऊन जातो एकटाच."