जीवाणू खते, उल्हास खोऱ्यातील
जीवाणू खते, उल्हास खोऱ्यातील : पिकांना पोषक द्रव्ये मिळवून देणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांच्या संवर्धनांना जीवाणू खते म्हणतात. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरातील मुख्य पारंपरिक पीक पावसाळी भात होय. भात कापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेण्याची प्रथा उत्तर कोकणात जुनी आहे. या दोन्ही पिकांना सूक्ष्मजीवांचे साहाय्य लाभते. त्याचे शास्त्रीय कारण मात्र उशिरा उलगडले.

शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण होते, हे जर्मनीत हेर्मान हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये दाखविले. दोन वर्षांनी मार्टिनस बायेरिंक यांनी गाठींतील जीवाणू वेगळे केले. त्यामुळे वालाने जमिनीचा कस टिकतो, या अनुभवाचा उलगडा झाला. खत न घालताही भातखाचरे वर्षानुवर्षे पीक कशी देतात, हा प्रश्न उरला. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये त्याचे श्रेय मुख्यतः खाचरातील नील-हरित शैवलांना दिले. आधुनिक वर्गीकरणात ही शैवले जीवाणूंतच मोडतात. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. व्यंकटरामन यांनी शैवल-खताच्या निर्मितीस व प्रसारास चालना दिली.

अनुकूल स्थितीत शैवलांपासून एका हंगामात हेक्टरी सुमारे २०–३० किग्रॅ. नायट्रोजन मिळतो. लावणीनंतर साधारण आठवड्याने हेक्टरी १० किग्रॅ. वाळलेले शैवल साचलेल्या पाण्यात टाकतात. वालाच्या बियाण्यास योग्य गटातील ऱ्हायझोबियम गुळाच्या द्रावणातून चोळून ते सावलीत सुकवितात. संवर्धन जिवंत असल्याने ऊन व उष्णता यांनी ते निकामी होते. रासायनिक नायट्रोजनाची मात्रा फार झाल्यास स्थिरीकरण मंदावते. म्हणून ही खते पूरक होत. ती रासायनिक खतांची जागा सर्वस्वी घेऊ शकत नाहीत. गुणवत्तेच्या नियमनासाठी १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात त्यांचा २००६ मध्ये समावेश झाला.

फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. पुढे अंबरनाथ व बदलापूर येथे कारखाने आणि निवासी वस्ती वाढली. शेतजमीन आक्रसली. उरलेल्या खाचरांत अतिवृष्टीने नायट्रोजन वाहून जातो व वाहत्या पाण्याबरोबर शैवलेही जातात. त्यामुळे बांध राखून खाचरात पाणी धरणे आणि भातामागून वाल घेणे, ही जुनी शिस्त टिकली तरच बाहेरून आणलेले संवर्धन येथे फलदायी ठरते.