संडास मोजले, विटाळ कोण मोजणार?

आरोग्याच्या सरकारी कार्यक्रमांत 'वर्तनबदल' हा शब्द सध्या फार चालतो. लोकांची सवय का सुटत नाही हे समाजशास्त्र-मानसशास्त्राच्या आधारे शोधायचे, त्यावरून कार्यक्रम आखायचा आणि सवय खरंच बदलली का ते शेवटी तपासायचे. या पद्धतीला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न असा आहे की, कारण शोधत शोधत जातीपाशी पोहोचल्यावर हे नियोजन थांबते का?

ग्रामीण संडासांचा इतिहास पाहू. १९८६ साली केंद्रीय ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला. अनुदान द्या, संडास बांधा, आकडा वर पाठवा; यश मोजायचे ते बांधकामावरून. १९९९ च्या संपूर्ण स्वच्छता अभियानात जनजागृतीवर भर आला. महाराष्ट्रात गाडगेबाबांच्या नावाने अभियान झाले, पुढे गावोगावी पहाटे गुड मॉर्निंग पथके निघाली. लाज वाटली की सवय सुटते, हा त्यामागचा विचार. पण ज्याच्याकडे संडासापुरती जागा नाही, पाणी नाही, त्याने लाजून करायचे काय?

२०१४ मध्ये बिहार, हरियाणा, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सुमारे ३,२०० ग्रामीण कुटुंबांची पाहणी झाली. चालू संडास असलेल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक जण तरी उघड्यावरच जात होता. म्हणजे नुसती गरिबी हे उत्तर पुरत नाही. ही पाहणी करणाऱ्यांपैकी डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी २०१७ च्या पुस्तकात कारण स्पष्ट मांडले: विटाळ आणि अस्पृश्यता. सरकारी संडासाला दोन शोषखड्डे असतात. एक भरला की दुसरा वापरायचा; पहिल्यातल्या मैल्याचे कालांतराने खत होते, ते घरच्यांनीच काढायचे. पण खड्डा उपसणे हे 'त्यांचे' काम, असे मनात पक्के बसलेले. म्हणून खड्डा हवा तर कधी न भरणारा, नाहीतर संडासच नको.

जात माणसाच्या मनात बसलेली असते आणि तिला धर्मशास्त्राचा आधार असतो, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले होते. वर्तनशास्त्राला तिथे पोहोचायला आणखी ऐंशी वर्षे लागली. पोहोचल्यावरही स्वच्छ भारतच्या जाहिरातींत घराची इज्जत होती, सूनबाईची लाज होती. अस्पृश्यता कुठेच नव्हती.

२५ सप्टेंबर २०१९ रोजी मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात उघड्यावर शौचाला बसलेल्या दोन दलित मुलांना ठार मारण्यात आले. गाव हागणदारीमुक्त जाहीर झालेले होते. घरात संडास नव्हता, मागूनही मिळाला नाही, असे कुटुंबाचे म्हणणे होते. आठवडाभरात, २ ऑक्टोबरला, सारा ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

ही दोन मुले कोणत्या मूल्यमापनात मोजली गेली?

मित्रांनो, स्वच्छतेच्या कोणत्याही योजनेचा अहवाल हातात आला की तीन प्रश्न विचारा. बांधलेला संडास वापरतो कोण? वस्तीतल्या किती घरांना तो मिळालाच नाही? आणि भरलेला खड्डा उपसतो कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जोवर एकाच जातीकडे बोट दाखवते, तोवर सवय बदललेली नाही. फक्त भिंती उभ्या राहिल्या आहेत.

जय भीम.