पाळीव सापांची पिलावळ

परवा कँटीनमध्ये टीममधल्या एकाने मोबाईलवर फोटो दाखवला. पिवळट, जाळीदार नक्षीचा साप. "बॉल पायथन. जोडी घेतोय. पिल्लं झाली की पैसे वसूल!" माझा घास हातातच राहिला. घरी येऊन नेहमीप्रमाणे वाचत बसलो आणि शनिवार-रविवार त्यातच गेला.

आपल्याकडे सापांच्या जोडीबद्दल माहिती थोडी, गोष्टी फार. धामण म्हणजे नागाची मादी, हे माझ्या आजीचं ठाम मत. दोन्ही जाती पूर्ण वेगळ्या आहेत. बांधावर दोन धामणी पीळ घालून उभ्या दिसल्या की लोक 'जुळण लागली' म्हणून वर नवं कापड टाकायला धावतात. तिथे बहुतेक वेळा दोन नरांची कुस्ती चालू असते! १९८० साली नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले, १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झालं, पण घोणस अंडी न घालता थेट पिल्लं देते हे आजही निम्म्या मित्रांना सांगावं लागतं.

अजगराची गोष्ट तर फारच छान. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने हिंदुस्थानातून परतल्यावर सांगितलं की अजगराची मादी कोंबडीसारखी अंडी उबवते. पॅरिसमधल्या पंडितांनी त्याला उडवून लावलं. थंड रक्ताचा प्राणी ऊब आणणार कुठून? मग १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंडी घातली, भोवती वेटोळं घातलं, आणि व्हालेन्सिएन यांनी थर्मामीटर लावला. मादी खरंच गरम! कारण कळायला १९६६ उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये मोजमाप झालं तेव्हा दिसलं की हवा ३३ अंशांच्या खाली गेली की ती स्नायूंना झटके देते. म्हणजे आपण थंडीत कुडकुडतो तसं. पिंजऱ्यातल्या पैदाशीने विज्ञानाला दिलेली ही मोठी देणगी.

दुसरी देणगी मेंडेलची. १९५३ मध्ये अमेरिकेत एक अल्बिनो कॉर्न स्नेक सापडला. बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने त्याची साध्या मादीशी जोडी लावली. पहिली पिढी सगळी साधी. त्या पिल्लांची आपसात जोडी लावल्यावर पुन्हा अल्बिनो! शाळेतल्या वाटाण्यांचं गणित, चारात एक. पण यातूनच धंद्याची वाट सापडली: हवा तो रंग 'काढता' येतो.

१९९२ मध्ये अल्बिनो बॉल पायथनची पैदास झाली आणि मग रंगांची शर्यतच लागली. मित्राच्या फोटोतला 'स्पायडर' त्यातलाच. याची मान डुगडुगते, कधी कधी भक्ष्यावरचा नेम चुकतो. कारण नक्षी देणारा जीनच आतल्या कानाची घडण बिघडवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग फीचरमध्येच आहे. फीचर ठेवून बग काढता येत नाही.

राहिला कायदा. आपला अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला घरी ठेवायचा प्रश्नच नाही. बॉल पायथन परदेशी, पण २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स करारातल्या जातीही कायद्यात आल्या. २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली तरी कळवावं लागतं.

सोमवारी मित्राला हे सगळं ऐकवलं. कायद्याचं त्याने हसण्यावारी नेलं, फॉर्म भरू म्हणाला. मग मी त्याला डुगडुगत्या मानेचा एक व्हिडिओ दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला.

"एवढा सुंदर आहे रे," म्हणाला. पुढे काही बोलला नाही.

असो. जोडीचा विषय त्यानंतर निघालेला नाही. पुढच्या रविवारी त्याला घेऊन कात्रजला जायचा बेत आहे. अजगर काचेपलीकडूनही तेवढाच मोठा दिसतो.