ओळखीचा आवाज : साथीच्या काळातील फॅमिली डॉक्टर

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या टेबलावर दोन कागद आले. पहिला १८९७चा साथरोग कायदा. मुंबई-पुण्याच्या प्लेगात जन्मलेला हा कायदा सव्वाशे वर्षांनी पुन्हा लागू झाला. दुसरा कागद अगदी कोरा होता : २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी जाहीर झालेली टेलिमेडिसिनची राष्ट्रीय मार्गदर्शिका. पहिल्याची चर्चा भरपूर झाली. पण घरोघरच्या आजारपणाचा व्यवहार बदलला तो दुसऱ्याने.

फोनवरून औषध सांगणे नवे नव्हते. ‘डॉक्टर, मुलाला पुन्हा ताप आलाय’ आणि ‘मागच्या वेळचंच औषध सुरू करा’ हा संवाद लँडलाइनच्या काळापासून चालत आला आहे. त्याला कायद्याचा आधार मात्र नव्हता. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाळंतपणानंतर दगावलेल्या एका महिलेच्या प्रकरणात दोन डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर जागेवर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. त्यानंतर अनेक डॉक्टर फोन उचलतानाही बिचकू लागले. दोन वर्षे होतात न होतात, तोच त्याच फोनवर बोलण्याची रीतसर मुभा मिळाली.

ही मुभा सरसकट नव्हती, आणि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच. मार्गदर्शिकेने औषधांच्या याद्या केल्या. साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतील. काही औषधांसाठी पहिल्या सल्ल्याच्या वेळी व्हिडिओवर रुग्ण पाहावा लागेल. काही फक्त फेरतपासणीच्या रुग्णालाच देता येतील. गुंगीची व मादक औषधे मुळीच नाहीत. फेरतपासणी म्हणजे काय, तर त्याच डॉक्टरने त्याच तक्रारीसाठी गेल्या सहा महिन्यांत रुग्णाला समक्ष तपासलेले असणे. म्हणजे फॅमिली डॉक्टरची जी खरी पुंजी, ती ओळख, तिलाच कायद्याने मोजमाप दिले.

प्रत्यक्षात हत्यारे साधीच होती. सही केलेल्या चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो औषधाच्या दुकानात चालू लागला. नाडीवरचे बोट गेले आणि रुग्णाच्याच बोटाला ऑक्सिमीटर लागला. या यंत्रामागचे तत्त्व १९७४मध्ये मांडणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, नेमके त्यांचे यंत्र घराघरांत पोहोचण्याच्या उंबरठ्यावर. ‘सहा मिनिटं चाला, मग पुन्हा आकडा सांगा’ ही फोनवरची तपासणी पुढे महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली. आकड्याइतकेच डॉक्टर ऐकत होते ते बोलताना लागणारी धाप. आणि नेहमीचा आवाज ठाऊक असेल, तरच बदललेला आवाज ओळखू येतो.

मग ज्यांना असा डॉक्टरच नव्हता, त्यांचे काय? सरकारची ‘ई-संजीवनी ओपीडी’ १३ एप्रिल २०२०पासून मोफत सुरू झाली. फेब्रुवारी २०२३पर्यंत ई-संजीवनीवरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. आकडा मोठा आहे, पण पलीकडचा डॉक्टर बहुधा अनोळखी. शिवाय स्मार्टफोन नाही, रेंज नाही, आजार शब्दांत सांगता येत नाही, अशांपर्यंत पोहोचायला माणूसच लागला. सप्टेंबर २०२०च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, हे या डिजिटल इतिहासाचेच पान आहे. ते वगळून तो लिहिता येणार नाही.

साथीने डॉक्टरांना तंत्रज्ञान शिकवले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. वर्षानुवर्षे दवाखान्याच्या बाकावर साठलेली ओळख त्या दोन वर्षांत फोनवरून खर्ची पडली. खर्च करता आली, कारण ती आधी जमा होती. आता अ‍ॅप उदंड आहेत. गल्लीतला तो बाक मात्र रिकामा होत चालला आहे. पुढची साथ आली, तर फोन सगळ्यांच्या हाती असेल. पलीकडून आवाज ओळखणारे कोणी असेल का, हा प्रश्न यंत्राचा नाही, आपला आहे.