अश्वशक्तीचे मापन आणि मोटारसायकलच्या इंजिनाची जुळवणी : छत्रपती संभाजीनगर शहराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील क्रांती चौक हा जालना रस्त्यावरील मध्यवर्ती चौक आहे. १८५७ च्या उठावात सहभागी झालेल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या सैनिकांची स्मृती जपणारा काळा चबुतरा याच परिसरात असून, चौकातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यामुळे तो शहराच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र ठरला आहे. औद्योगिक इतिहासाच्या दृष्टीनेही या चौकाचे स्थान अर्थपूर्ण आहे. त्याच्या पूर्वेस चिकलठाण्याची आणि पश्चिमेस वाळूजची औद्योगिक वसाहत असून, या वसाहतींत घडलेली वाहने आणि त्यांच्या बळावर उभा राहिलेला कामगारवर्ग या चौकातून दररोज ये-जा करतो. मोटारसायकल हे या शहरातील तरुणाचे केवळ वाहन नसून त्याच्या हौसेचा व प्रतिष्ठेचाही विषय आहे. तथापि, इंजिनाची शक्ती नेमकी किती, ती कोणी मोजावी आणि वाढवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांचा इतिहास फारसा अभ्यासला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात त्याची मांडणी केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१. अश्वशक्तीच्या मापनपद्धतीचा विकास थोडक्यात पाहणे.
२. वाळूज येथील मोटारसायकल उद्योगाच्या संदर्भात मापन व इंजिनाची जुळवणी यांचा संबंध तपासणे.
३. कारखान्यातील ज्ञान व रस्त्यावरील कारागिराचे ज्ञान यांतील अंतर स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :
लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१) मापनाची पूर्वपीठिका
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट यांनी वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याच्या कामाशी केली आणि अश्वशक्ती हे एकक रूढ झाले. हे एकक बाजारातून आले होते. ज्या खाणमालकाला वा गिरणीमालकाला घोडे ठाऊक होते, त्याला इंजिनाची किंमत समजावून देण्याचे ते साधन होते. १८२१ मध्ये फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी फिरत्या दंडावर घर्षणाचा अडसर लावून शक्ती मोजण्याची युक्ती काढली, तर १८७७ मध्ये विल्यम फ्रूड यांनी पाण्याच्या रोधावर चालणारे मापनयंत्र सिद्ध केले. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील दोरीचा ब्रेक, पाण्याचा ब्रेक व विद्युत भोवऱ्यांवर चालणारा एडी करंट ब्रेक ही याच परंपरेतील साधने होत. शहरात १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. म्हणजे मापनाचे शास्त्र मोटारसायकलच्या कारखान्यापूर्वी पंचवीस वर्षे येथे शिकवले जात होते, ही बाब उल्लेखनीय आहे.

२) वाळूजचा कारखाना
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. पुढे बजाज ऑटो या कंपनीने वाळूज येथे १९८४ मध्ये कारखान्याची पायाभरणी केली आणि १९८५ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८६ मध्ये जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने केबी १०० ही मोटारसायकल आली. १९९१ मध्ये चार फेऱ्यांच्या इंजिनाची चॅम्पियन, १९९८ मध्ये कॅलिबर आणि २००१ मध्ये पल्सर अशा टप्प्यांनी ही कंपनी स्कूटरकडून मोटारसायकलकडे वळली. पल्सरच्या १५० व १८० घनसेंटिमीटरच्या गाड्या अनुक्रमे १२ व १५ अश्वशक्तीच्या म्हणून बाजारात आल्या. तोपर्यंत सामान्य ग्राहक गाडीचा 'अॅव्हरेज' विचारी. आता तो अश्वशक्तीचा आकडाही विचारू लागला. वाहनाच्या जाहिरातीत मापनाचा आकडा मध्यवर्ती झाल्याची ही सुरुवात म्हणता येईल.

मात्र एकच आकडा सर्व काही सांगत नाही. २००९ मध्ये आलेल्या पल्सर २२० ची कमाल शक्ती मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर सुमारे २१ मेट्रिक अश्वशक्ती, तर कमाल पीळ ७,००० फेऱ्यांवर १९.१२ न्यूटन-मीटर इतका सांगितला गेला. पीळ व फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. त्यानुसार ७,००० फेऱ्यांवर शक्ती सुमारे १९ अश्वशक्ती येते आणि ८,५०० फेऱ्यांवर पीळ सुमारे १७.४ न्यूटन-मीटरपर्यंत उतरतो. पीळ घटत असतानाही फेऱ्या वाढल्याने शक्ती वाढते. शहरातील गर्दीत चालकाला जाणवणारा 'पिकअप' हा पिळाचा परिणाम असतो, तर जाहिरातीतील आकडा उच्च फेऱ्यांवरील शक्तीचा असतो. डायनॅमोमीटरवर निघणारी संपूर्ण रेषा पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही.

३) चाचणी, हवा आणि आकडा
मोटारसायकलच्या चाचणीसाठी तिचे मागील चाक एका जड रुळावर ठेवतात. रुळाचे जडत्व आधीच ठाऊक असल्याने तो किती वेगाने फिरू लागतो यावरून शक्ती काढता येते. चाकावर मोजलेली ही शक्ती इंजिनाच्या दंडावरील शक्तीपेक्षा नेहमीच कमी असते, कारण गिअर, साखळी व टायर यांत काही भाग खर्ची पडतो. हे न जाणणाऱ्या मालकाला कंपनीने फसवल्यासारखे वाटते. वस्तुतः दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात.

दुसरा घटक स्थानिक आहे. संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथील हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबापेक्षा सहा ते सात टक्क्यांनी कमी असतो आणि उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपर्यंत गेले म्हणजे हवा आणखी विरळ होते. साध्या इंजिनात त्यामुळे कमी प्राणवायू शिरतो व शक्ती घटते. म्हणूनच मापनात दाब व तापमानाची दुरुस्ती करून आकडा प्रमाण स्थितीत आणावा लागतो. अमेरिकी प्रमाणात २५ अंश सेल्सिअस व ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब, तर जुन्या जर्मन प्रमाणात २० अंश व १,०१३ मिलीबार धरले जात. प्रमाण न सांगता दिलेला आकडा तुलनेस अपुरा ठरतो.

४) रस्त्यावरील कारागीर
१९८५ मध्ये भारतात आलेल्या आणि १९९६ पर्यंत बनलेल्या यामाहा आरएक्स १०० या दोन फेऱ्यांच्या गाडीने गावोगावच्या फिटरांना इंजिनाच्या जुळवणीचे शिक्षण दिले. कार्बोरेटरचा जेट बदलणे, पोर्ट घासणे, हेड घासून दाब वाढवणे, सायलेन्सर मोकळा करणे हे त्याचे उपाय. दोन फेऱ्यांच्या इंजिनात धुराड्याचा आकार शक्ती ठरवतो, हे पूर्व जर्मनीतील अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केले होते. १९६१ मध्ये चालक अर्न्स्ट डेग्नर यांच्या पलायनाबरोबर ते ज्ञान जपानच्या सुझुकीकडे गेले. आपल्याकडील फिटर त्याच तत्त्वाशी अनुभवाने झुंजत होता.

त्याचे मापनयंत्र म्हणजे कान, हात आणि स्पार्क प्लगचा रंग. प्लग फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य, काळा असल्यास पेट्रोल जास्त, पांढरा असल्यास कमी. हे ज्ञान खोटे नव्हते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास हवा व इंधनाचे वजनी प्रमाण १४.७ ला १ लागते, तर कमाल शक्ती १३ ला १ च्या आसपास मिळते, हा फरक तो प्लगवरून ओळखत असे. त्याची मर्यादा मात्र गंभीर होती. आवाज वाढला की शक्ती वाढली असा समज सहज होतो. सायलेन्सर मोकळा करून जेट तोच ठेवल्यास मिश्रण विरळ होऊन पिस्टन जाम होण्याचा धोका असतो, आणि भरधाव वेगात जाम झालेले इंजिन मागचे चाकही जखडते. मापनाअभावी होणारी ही चूक थेट चालकाच्या जिवावर बेतते.

५) कायदा आणि उत्सर्जन
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची तपासणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करावी लागते. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय व अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या त्यांपैकी प्रमुख संस्था होत. उत्सर्जनाची चाचणीही रुळावरच होते. दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १९९६ मध्ये किलोमीटरला ४.५ ग्रॅम होती. ती २००० मध्ये २, २००५ मध्ये १.५ व २०१० मध्ये १ ग्रॅमवर आली. २०२० पासूनच्या बीएस-६ मानकांमुळे बहुतेक दुचाकींत इंधन-अंतःक्षेपण आले आणि जेटची जागा संगणकीय नकाशाने घेतली. कानाने जुळवणी करण्याचे युग येथे संपत आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत असा निर्वाळा दिला, आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अशा बदलांसाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद वा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

निष्कर्ष :
१. अश्वशक्ती हे व्यवहारातून जन्मलेले एकक असून आजही त्याचा वापर प्रामुख्याने विक्रीसाठी होतो.
२. मराठवाड्यात वाहनाचे उत्पादन आले, परंतु प्रमाणित मापनाचे अधिकारकेंद्र पुणे-अहिल्यानगर पट्ट्यात राहिले. त्यामुळे स्थानिक कारागीर मापनाच्या भाषेपासून दूर राहिला.
३. कारागिराचे अनुभवज्ञान शास्त्राशी विसंगत नव्हते. त्याला पडताळणीची सोय नव्हती.
४. कायद्याने बदलांना आळा घातला असला तरी मापनाचे शिक्षण दिल्याशिवाय आवाज म्हणजेच शक्ती हा समज दूर होणार नाही.

समारोप :
क्रांती चौकातून फाटक्या सायलेन्सरचा आवाज करीत जाणाऱ्या तरुणाकडे समाज उपद्रव म्हणून पाहतो, आणि ते चुकीचे नाही. तथापि त्या आवाजामागे आपल्या यंत्राला जाणून घेण्याची ओढही असते. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आपल्या प्रयोगशाळांतील मापनयंत्रे स्थानिक फिटरांसाठी ठराविक दिवशी खुली केल्यास त्या ओढीला योग्य वळण मिळू शकेल. आपण केलेल्या बदलाने शक्ती वाढली नसून घटली आहे, हे रुळावरच्या रेषेत एकदा दिसले, तर ते समजावून सांगण्यास दंडाच्या पावतीची गरज उरणार नाही.